वळचणीचें पाणी

वळचणीचें पाणी आढ्याला जात नाहीं, अशी आपल्यांत एक म्हण आहे. एखादी गोष्ट अशक्य आहे असें सांगावयाचें असलें म्हणजे आपण तिचा उपयोग करतों. परंतु कांहीं दिवसांपूर्वीं, ऐन वैशाखांत, चंद्रपूर शहरांतील एका घरांत आम्हीं जें पाहिलें त्यावरून ही म्हण छपरापुरतीच खरी आहे, भिंतीपुरती नव्हे, अशी आमची खात्री झाली. जोत्याशीं सांचणारें पाणी तेथें गुपचूप भिंतींत शिरून वर चढलेलें होतें. आणि चढतां चढतां त्यानें आपली सगळी हकीकत भिंतीवर लिहून ठेविली होती. तो लेख कोणी तरी नुकताच रंगानें झांकला होता, एवढेंच.

प्रसंग असा कीं, आमचे एक स्नेही सेवानिवृत्तीच्या पैशांतून घर विकत घेणार होते. घर पाहावयास त्यांनीं आम्हांलाही बरोबर नेलें. इतिहास शिकविणाऱ्या माणसाचें तेथें काय काम, असें आम्हीं विचारतांच ते हंसून म्हणाले, “इंजिनियर घर पाहील, तुम्ही घराचें पूर्वचरित्र पाहा.” वाक्य विनोदाचें होतें, पण त्यांत मोठें तथ्य होतें. ओल ही आज लागते, पण तिचें कारण बहुधा काल घडलेलें असतें. म्हणून घराची ओल ओळखणें हें अर्धें स्थापत्याचें आणि अर्धें इतिहासाचें काम आहे. शिवाय पूर्वींच्या लोकांना ही परीक्षा सहज साधत असे आणि आज आपल्याला ती साधत नाहीं, असें कां व्हावें, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. त्याचाच विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

घराच्या ओलीची परीक्षा ही कांहीं आजकालची गोष्ट नव्हे. यहुदी लोकांच्या धर्मशास्त्रांत, बायबलांतील लेवीय नांवाच्या पुस्तकांत, तिचा विधिच सांगितला आहे. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले आणि ते पृष्ठभागाच्या आंत खोल गेलेले वाटले, तर घरधन्यानें उपाध्यायाला वर्दी द्यावी; उपाध्यायानें घर रिकामें करवून तें पाहावें, सात दिवस बंद ठेवावें आणि सातव्या दिवशीं पुन्हा पाहावें; चट्टे पसरले असल्यास ते दगड काढून गांवाबाहेर टाकावे, भिंत खरवडून नवा गिलावा करावा; आणि एवढ्यानेंही रोग परतला तर घर पाडावें, असा तो क्रम आहे. एकदां पाहून निर्णय देऊं नये, कांहीं दिवसांनीं फिरून पाहावें, हें त्यांतील मर्म आजच्या तज्ज्ञानेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील रोमन स्थापत्यकार विट्रूव्हिअस यानें ओलसर भिंतीला आंतून दुसरी पातळ भिंत घालावी, दोहोंमध्यें पोकळी ठेवावी आणि त्या पोकळींतून वारा खेळेल अशीं तोंडें ठेवावीं, असा उपाय सांगितला आहे. आमच्याकडील कौटिल्य तर दंडाचाच विचार करतो. आपल्या घराच्या पाण्याची वाट शेजाऱ्याच्या भिंतीपासून ठरलेल्या अंतरावर न काढणाऱ्याला त्यानें ५४ पण दंड सांगितला आहे. यावरून एवढें स्पष्ट दिसतें कीं, ओल हा घरधन्याचा खासगी प्रश्न आहे असें प्राचीनांनीं मानलें नाहीं. यहुद्यांनीं त्यांत उपाध्यायाला आणिलें, आणि कौटिल्यानें राजाला.

आतां आमच्या चांदा मुलखाकडे वळूं. आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे १९८२ सालच्या ऑगस्टपर्यंत एकच होते. या मुलखांतला उन्हाळा आणि पावसाळा, दोन्ही अतिरेकी. मे महिन्यांत चंद्रपुरास उष्णतेचा पारा ४६-४७ अंशांपर्यंत जातो. जमिनीला भेगा पडतात, लाकूड तडकतें, भिंती वाळून खडखडीत होतात. नंतर मृग लागतो आणि झड सुरू झाली म्हणजे आठ आठ दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत पुन्हा आकसते. तिच्यावर उभें असलेलें घर दरसाल थोडें उचललें जातें आणि थोडें खचतें. घराला पडणाऱ्या कित्येक भेगांचें मूळ येथें असतें, आणि भेग म्हणजे पाण्याला उघडलेलें दार.

खुद्द चंद्रपूर शहराची जन्मकथाही पाण्याचीच आहे. खांडक्या बल्लाळशहा हा गोंड राजा अंगावरील गाठींनीं पीडलेला होता. शिकारीस गेला असतां झरपट नदीच्या कोरड्या पात्रांतील एका डबक्याचें पाणी त्यानें वापरलें आणि त्याची व्याधि हटली. तेथेंच पुढें अचलेश्वराचें देवालय झालें आणि शहर वसलें, अशी परंपरा आहे. कथेचा ऐतिहासिक भाग कितीही असो, ज्या पाण्यानें शहर वसविलें त्याच पाण्याचें भयही शहराला जन्मापासून आहे. पश्चिमेस इरई, पूर्वेस झरपट, आणि दक्षिणेस दोहोंचा संगम. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार दरवाजांचा दगडी परकोट गोंड राजांनीं शत्रूसाठीं बांधला खरा. पण आज त्या बाजूला उभें राहून नदीचा सखल कांठ पाहिला म्हणजे परकोटाच्या आंत राहणें आणि बाहेर राहणें यांत पावसाळ्यांत काय अंतर असावें हें सांगावें लागत नाहीं. शहर वाढलें तसें घर परकोटाबाहेर नदीच्या दिशेनें सरकलें. जुन्या लोकांनीं जी जमीन गुरांना आणि पुराला सोडली होती तिचे भूखंड पडले.

या मुलखांतलें जुनें घर पाहिलें तर त्याचा प्रत्येक अवयव पाण्याच्या धाकानें घडलेला आहे. जोतें उंच, कारण अंगणांतलें पाणी आंत येऊं नये. वळचण लांब, कारण पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्या. भिंत मातीची किंवा बांबूच्या कुडाची, शेणमातीनें लिंपलेली, पांढऱ्या मातीनें पोतारलेली. ती ओल घेई, पण वारा लागतांच सोडूनही देई. छप्पर गवताचें किंवा कवेलूंचें. धान्याची कणगी भिंतीपासून दूर, दगडांवर ठेवलेली. खांब सागाचे, आलापल्लीच्या रानांतला साग ओलीला व उधईला सहसा दाद देत नाहीं, ही गोष्ट येथें लहान पोरालाही ठाऊक असे.

परंतु घराच्या रचनेहूनही महत्त्वाची होती ती घराची वार्षिक परीक्षा. वैशाख-ज्येष्ठांत प्रत्येक घरावर माणसें चढत आणि कवेलू फेरीत. फुटके कवेलू बाजूला पडत. कुजलेला वासा हाताला लागे. उधईची मातीची नळी भिंतीवरून कोठपर्यंत चढली तें दिसे. पहिल्या पावसांत घरांतल्या बायका ठिपकणाऱ्या जागीं भांडीं मांडीत, आणि कोणतें भांडें किती वेळांत भरलें यावरून गळतीचा हिशेब होई. पावसाळा सरला कीं दसरा-दिवाळीपूर्वीं भिंती लिंपतांना ओलीनें कोठें पोकळी धरली हें हाताच्या थापेनें कळे. म्हणजे वर्षांतून तीन वेळां घराची तपासणी होई. वरून पुरुष करीत, आंतून स्त्रिया करीत, आणि गल्लींतील सर्व लोक ती पाहत असत. कोणाचें आढें खचलें, कोणाची भिंत पोटांत ओली आहे, हें गुपित राहणें शक्यच नव्हतें.

या वर्णनावरून आम्ही मातीच्या घराचे भाट आहोंत असा समज कोणीं करून घेऊं नये. मोठ्या पुरांत मातीचीं घरें विरघळून जात, अजूनही जातात. भामरागडास पर्लकोटा नदी पुलावरून वाहूं लागली म्हणजे गांव जगापासून तुटतें. २०१९ सालीं तर असें कितीदां झालें. २०२० च्या ऑगस्ट-अखेर वैनगंगेच्या पुरानें ब्रह्मपुरी आणि वडसा या बाजूंचीं गांवें बुडविलीं. ज्या घराची भिंत तीन दिवस पाण्यांत उभी राहत नाहीं त्या घराचें काव्य त्यांत राहणाऱ्यानें गावें, आम्ही गाऊं नये. शिवाय ती वार्षिक परीक्षा म्हणजे कष्ट होते, आणि त्यांतले बरेचसे कष्ट बायकांच्या वांट्याचे होते. पक्क्या घराची इच्छा ही माणसाची न्याय्य इच्छा आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पक्कें घर घेतांना आपण परीक्षा सोडून दिली.

हें कसें झालें तें पाहा. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजी फौजेनें चांद्याचा किल्ला घेतला आणि १८५४ मध्यें हा मुलूख नागपूरच्या राज्याबरोबर इंग्रजी अंमलांत गेला. साहेबांचे बंगले आणि जंगल खात्याचीं विश्रामगृहें उभीं राहिलीं. उंच जोतें आणि भोंवतीं पडवी हें तर येथलेंच होतें. चुन्याच्या भिंती आणि पुढें मंगलोरी कौलें आलीं. इंग्लंडांत १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानंतर जोत्याच्या वर भिंतींत ओल अडविणारा थर घालण्याचा नियम रूढ होत गेला. ती विद्या इकडेही आली, पण सरकारी इमारतींपुरती. मग आला सिमेंटचा काळ. ज्या पोर्टलंड सिमेंटचा हक्क जोसेफ ॲस्पडिन यानें इंग्लंडांत १८२४ सालीं नोंदविला, तें आज आमच्याच जिल्ह्यांत घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर, उपरवाही येथें डोंगराएवढें तयार होतें. चुनखडक तोच, पूर्वीं तो भट्टींत भाजून त्याचा चुना होई, आतां सिमेंट होतें. परंतु दोहोंच्या स्वभावांत भेद आहे. चुन्याची भिंत ओल घेते आणि देते. सिमेंटचा गिलावा ओलीला सहजासहजीं बाहेर पडूं देत नाहीं. वरून तैलरंग दिला म्हणजे तर भिंतीचें नाकतोंडच बंद होतें. जुनी भिंत रडत असे, म्हणून तिचें दुःख कळे. नवी भिंत तें गिळते आणि आंतून कुजते. कवेलूंचें छप्पर गळे तें त्याच दिवशीं; स्लॅब गळतो तो आंतील लोखंड गंजून फुगल्यावर, गिलाव्याचा पोपडा खालीं पडल्यावर. दोष पदार्थाचा नव्हे. पदार्थ बदलला, पण पाहण्याची रीत बदलली नाहीं, किंबहुना पाहणेंच थांबलें, हा दोष आमचा.

तेव्हां आतां भिंत वाचावी कशी? आमच्या मतें ओलीच्या चार लिप्या आहेत.

पहिली वरून उतरणारी. स्लॅबवर गोल, कडेला तपकिरी वलय असलेला डाग. एकांत एक अशीं वलयें दिसलीं तर गळती एका पावसाळ्याची नव्हे असें समजावें. गच्चीच्या कडेचा कठडा, पाणी जाण्याचें तोंड आणि टाकीच्या पायाखालची जागा पाहावी. किल्ल्याच्या परकोटावर पिंपळ-वडाचीं रोपें वाढून त्यांच्या मुळ्यांनीं दगड फांकविले, हें चंद्रपूरकरांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलें आहे. २०१७ च्या मार्चपासून शहरांतील इको-प्रो संस्थेच्या तरुणांनीं कित्येक महिने खपून तें रान काढिलें. घराच्या गच्चीच्या भेगेंत पिंपळाचें दोन पानांचें रोप दिसलें तर तें शुभचिन्ह नव्हे. तेथें बारा महिने ओल आहे याचें तें प्रमाणपत्र आहे. छपराचा प्रश्न किती लांब जातो हें पाहावयाचें असेल तर वैनगंगेच्या कांठीं मार्कंड्यास जावें. वीज पडून त्या देवालयाचें शिखर व छप्पर भंगलें, गोंड राजवटींत त्याची डागडुजी झाली, असें सांगतात. आणि अलीकडे पुरातत्त्व खात्यावर दगड उतरवून पुन्हा रचण्याची पाळी आली.

दुसरी लिपि खालून चढणारी. काचेची एक मिलिमीटर व्यासाची नळी पाण्यांत उभी धरली तर पाणी तिच्यांत सुमारें तीन सेंटिमीटर चढतें. नळी जितकी बारीक तितकें पाणी अधिक उंच. वीट व माती यांतील छिद्रें केसाहूनही बारीक असतात. म्हणून जमिनींतली ओल भिंतींत गुडघाभर, कधीं कमरेपर्यंत चढते. तिची वरची कड वेडीवांकडी असते आणि त्या कडेला पांढरा लोणा फुलतो. हे क्षार हवेंतली ओल ओढून घेतात. म्हणून जमीन वाळली तरी श्रावणांत भिंत पुन्हा ओली होते. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांपुरताच नवा गिलावा, नवी फरशी किंवा गडद तैलरंग दिसला तर शोभेसाठीं केला कीं झांकण्यासाठीं, हें विचारावें. त्या जागीं बोटाच्या पेरानें ठोकून पाहावें. पोकळ आवाज खोटें बोलत नाहीं.

तिसरी आडवी. सर्व खोल्यांत, सर्व भिंतींवर, एकाच उंचीवर, पातळीनें काढल्यासारखी सरळ रेघ असली तर ती जमिनीची ओल नव्हे. ती पुराची खूण आहे. भिंत रंगविणारे लोक ती पुसतात, पण जिन्याच्या पोटांत, कपाटाच्या पाठीशीं, विजेच्या पेटीच्या आंत, दाराच्या चौकटीच्या मागें ती राहून जाते.

चौथी हवेंतून येणारी. वारा नसलेल्या कोपऱ्यांत, पलंगामागें, न्हाणीच्या छताला काळे ठिपके दिसतात. ती आपल्याच श्वासाची आणि स्वयंपाकाच्या वाफेची ओल. संशय असेल तर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा भिंतीवर चारी कडांनीं चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. भिंतीकडील बाजूस पाणी जमलें तर ओल भिंतींतली. खोलीकडील बाजूस जमलें तर हवेंतली.

याशिवाय ऋतूचा विचार हवाच. आमच्याकडे घरें बहुधा उन्हाळ्यांत विकलीं जातात, आणि उन्हाळ्यांत पावसाची ओल दिसत नाहीं. वैशाखांत भिंत ओली असेल तर चोर घरांतच शोधावा. नळ फुटका असेल, टाकी झिरपत असेल, किंवा खिडकींतल्या कूलरचें पाणी महिनाभर भिंतीवरून ओघळलें असेल. हा शेवटचा दोष चांदा मुलखांत घरोघर आहे आणि तो पुष्कळदां पावसाच्या माथीं मारला जातो. शक्य असेल तर घर दोनदां पाहावें, एकदां वैशाखांत आणि एकदां झडींत. प्राचीनांची ती फिरून पाहण्याची रीत येथेंही लागू आहे.

आतां त्या घराची गोष्ट पुरी करतों. खोल्या स्वच्छ, रंग ताजा. परंतु जिन्याखालच्या अडगळींत वांकून पाहिलें तों मांडीइतक्या उंचीवर ती सरळ रेघ. आम्हीं बाहेर आलों. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी बाई तांदूळ निवडीत बसली होती. तिला विचारतांच तिनें आपल्या खिडकीच्या चौकटीवर हात ठेविला आणि म्हणाली, “इथवरी होतं पाणी, गुरुजी. बावीस सालच्या पुरात. आमी तीन दिवस शाळेत होतो.” तिच्या भिंतीवर रंग नव्हता, रेघ उघडी होती. २०२२ च्या जुलैंत इरईच्या कांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें होतें, हें सर्वांना ठाऊक आहे. पण कोणत्या घरांत किती, हें घर विकतांना कोणी सांगत नाहीं. पाटबंधारे खात्याच्या नकाशांत निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल. त्या कचेरींतल्या कागदावर आहेत. भिंतीवरची रेषा मात्र रंगाखालीं.

आमच्या स्नेह्यांनीं तें घर घेतलें नाहीं. ते वांचले, असें म्हणून आम्ही समाधान मानलें. श्रावणांत त्याच रस्त्यानें जाण्याचा योग आला, तेव्हां त्या दारापुढें लहान मुलांच्या चपला होत्या आणि खिडकीच्या गजांवर अंथरुणें वाळत घातलीं होतीं. घर दुसऱ्या कोणी घेतलें होतें. ओलसर, बुरशीच्या घरांत राहणाऱ्यांना दम्याचे व श्वासाचे विकार अधिक होतात, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ मध्यें प्रसिद्ध केला आहे. तो आम्हीं वाचला होता. भिंतीवरचा लेखही आम्हीं वाचला होता. पण तो आम्हीं एकाच माणसाला वाचून दाखविला. त्या चपला पाहिल्यापासून ही गोष्ट आमच्या मनास लागून राहिली आहे.

जुन्या गल्लींत असें झालें नसतें. तेथें ओल ही सर्वांच्या डोळ्यांसमोरची गोष्ट होती. नव्या वस्तींत ती विकणाऱ्याचें गुपित आणि घेणाऱ्याचें नशीब झाली आहे. आज गडचिरोलीच्या रानांतही कुडाच्या भिंती जाऊन सरकारी मदतीचीं पक्कीं घरकुलें उभीं राहत आहेत. हें चांगलेंच आहे. पण ज्या हातांनीं कवेलू फेरले त्या हातांना स्लॅबचा स्वभाव कोणी तरी शिकविला पाहिजे. पुराच्या पाण्याची उंची चौकांतल्या खांबावर सालासह कोरून ठेवावी, घर विकणाऱ्यानें ती खरेदीपत्रांत लिहावी, आणि मृगापूर्वीं एक दिवस प्रत्येक कुटुंबानें गच्चीपासून जोत्यापर्यंत आपलें घर हातानें चांचपून पाहावें. यांतील पहिलें काम नगरपालिकेचें, दुसरें कायद्याचें. तिसरें मात्र आपलें आहे, आणि त्याला खर्च नाहीं.

वळचणीचें पाणी आढ्याला जात नाहीं हें खरें. परंतु कोणी पाहत नसलें म्हणजे तें आपल्या पायरीपासून मुलांच्या उशापर्यंत मात्र येतें.